लाल पेनवाले सर

वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभ्यासक्रम समितीनं ‘एकमेकांचा अभ्यासक्रम तपासून द्या’ असं फर्मान काढलं, की बहुतेक प्राध्यापक सहकाऱ्याच्या कागदावर ‘उत्तम’ असा शेरा मारून चहाला जातात. उद्या आपलाही कागद त्याच्याच टेबलावर जायचा असतो. ॲनाटॉमीचे सर त्यातले नव्हेत. ते कागद घरी नेतात आणि भावकीतला माणूस बांध तपासतो त्या नजरेनं दुसऱ्या विभागांचे तास तपासतात.

सरांचं दुखणं १९९७ सालचं. त्या वर्षी मेडिकल कौन्सिलनं फर्स्ट एमबीबीएस दीड वर्षावरून एका वर्षावर आणलं. ‘‘माणसाच्या अंगातली हाडं कमी झाली का हो?’’ हा प्रश्न ते तेव्हापासून विचारताहेत. डीनना, परीक्षकांना, डिसेक्शन हॉलच्या शिपायालाही. २०१९मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, त्यातल्या फाउंडेशन कोर्सनं सुरुवातीचाच महिना खाल्ला. गेलेला तास कुठे ना कुठे लपवलेला असणारच, अशी सरांची खात्री आहे.

फार्माकॉलॉजीच्या कागदावर त्यांनी लिहिलं, ‘हे औषध आता कोण देतं?’ सरांनी जिवंत पेशंट शेवटचा इंटर्नशिपमध्ये पाहिला होता, याची त्या विभागाच्या मॅडमनी भर बैठकीत आठवण करून दिली. सर डगमगले नाहीत. त्यांनी मधुमेहाचं पान उघडलं.

बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, मेडिसिन आणि पीएसएम (म्हणजे सामाजिक वैद्यक), सहाही विभाग मधुमेह शिकवत होते आणि सहाही जण पहिला तास स्वादुपिंडावरच घालवत होते. इन्सुलिन घरी कसं टोचायचं, हे पेशंटला समजावून सांगायला शिकवणारा तास मात्र एकाच्याही वेळापत्रकात नव्हता. ‘उत्तम’वाल्यांपैकी कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण कुणी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं.

‘‘स्वादुपिंड ॲनाटॉमीचं आहे,’’ सर म्हणाले, ‘‘सहाही तास परत करा.’’

समितीनं पाच तास वाचवले, त्यातले दोन इन्सुलिन समजावण्याला दिले आणि बाकीचे मेडिसिनच्या वॉर्डकडे वळवले. सरांच्या वाट्याला आभाराचा ठराव आला.

मग सरांचा कागद फार्माकॉलॉजीच्या मॅडमकडे गेला. त्यांनीही लाल पेन घेतलं. तळपायाच्या स्नायूंच्या चार थरांना तीन लेक्चरं. कोपराजवळची शीर, जिच्यात प्रत्येक इंटर्नला सुई घालावी लागते, तिला दहा मिनिटं! ‘का?’ एवढंच त्यांनी लिहिलं.

‘‘समीक्षेत वैयक्तिक आकस नसावा,’’ असं बजावून सरांनी चार पानी उत्तर पाठवलं. साडेतीन पानं तळपायावर होती. उरलेल्या अर्ध्या पानात त्यांनी शिरेला पूर्ण तास द्यायचं कबूल केलं होतं, अर्थात फार्माकॉलॉजीकडून घेऊन.