येऊन गेलेला

सहलीला निघणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एक हिशेब ठेवणारा असतो, एक उशिरा येणारा असतो आणि एक ‘मला काहीही चालेल’ असं म्हणून शेवटी कशालाच हो न म्हणणारा असतो. ही माणसं सुधारण्यापलीकडची असली तरी निरुपद्रवी. जपून राहायचं ते चौथ्यापासून. तो त्या जागी आधी येऊन गेलेला असतो.

आमच्यात हे पद शिऱ्याकडे आहे. त्याला ते कुणी दिलं नाही आणि त्याच्याकडून ते काढून घेण्याची कुणाची छातीही नाही. कुठल्याही जागेचं नाव काढा, शिऱ्या आधी नुसता हसतो. मग म्हणतो, “जा, जा. जाऊन या.” पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर बोलावून डॉक्टर ‘आता खाऊ द्या त्यांना काय हवं ते’ म्हणतात, तोच आवाज. आपण घाबरून विचारतो, “का रे, चांगलं नाही का?” की झालं. पुढचा अर्धा तास ‘पूर्वी’चा.

हे ‘पूर्वी’ नेमकं कुठलं, ते तो सांगत नाही. शिऱ्याचं वय पंचेचाळीस. पण काशीदच्या किनाऱ्याबद्दल तो बोलायला लागला की हा माणूस पेशव्यांच्या आरमारातून निवृत्त झाला असावा असं वाटतं.

त्यातून बेट म्हटलं की त्याच्या अंगातच येतं. डोंगर, धबधबे, लेणी यांच्याबाबतीत तो थोडीफार तडजोड करतो, पण बेट म्हणजे त्याची खासगी मालमत्ता. २०१८ साली घारापुरीच्या गावांत वीज आली. गेटवेपासून लाँचनं तासाभरावर असलेल्या त्या माणसांच्या घरी, देश स्वतंत्र झाल्यावर सत्तर वर्षांनी, एकदाचे विजेचे दिवे लागले. पेपरात बातमी वाचून आम्हाला बरं वाटलं. शिऱ्याला सुतक. “संपलं,” तो म्हणाला. “आता काही अर्थ नाही त्या बेटात.” हे तो कांदिवलीच्या फ्लॅटमध्ये एसी अठरावर ठेवून, फोन चार्जिंगला लावता लावता म्हणाला. घारापुरीच्या लोकांनी कंदील लावून बसावं आणि शिऱ्यानं पाच वर्षांतून एकदा जाऊन ते बघून यावं, अशी त्याची साधी सोपी पर्यटन-नीती आहे.

जंजिऱ्याला तर त्यानं गाईडशीच उभा दावा मांडला होता. राजापुरीहून शिडाची होडी निघाली, वारा भरला, आणि गाईडनं आपलं नेहमीचं सुरू केलं: बावीस एकर, बावीस बुरूज, बांधायला बावीस वर्षं. बायकामुलं कौतुकानं ऐकत होती. शिऱ्या मागून म्हणाला, “मागच्या वेळी तुमच्यातलाच एक जण सव्वीस म्हणाला होता.” गाईड दर्यावर वाढलेला माणूस. तो शांतपणे म्हणाला, “मग चार पडले असतील, साहेब.” अख्खी होडी हसली. पुढं किल्ल्यावर कलालबांगडी तोफेजवळ आम्ही ओळीनं फोटो काढत होतो, आणि शिऱ्या तोफेकडे पाठ करून, हात मागं बांधून उभा. त्याचं म्हणणं, पूर्वी इथं इतकी गर्दी नव्हती. खुद्द संभाजीमहाराजांनी खाडी भरून सेतू बांधायला घेतला तरी जो किल्ला हाती आला नाही, तिथं पूर्वी गर्दी नसणारच, हे आमच्यातल्या कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं.

त्याची एक लकब आहे, ती नीट पाहण्यासारखी आहे. वळणावर एकदम समुद्र दिसला की आपण सगळे समुद्राकडे बघतो. शिऱ्या आपल्या तोंडाकडे बघतो. आपले डोळे किती मोठे झाले, ‘अहाहा’ निघालं की नुसतंच ‘वा’, ते तो मोजून घेतो. आणि आनंद पुरेसा वर आला असं दिसलं की हळूच म्हणतो, “हे काहीच नाही.” तुम्ही आयुष्यात पाहिलेला सगळ्यात सुंदर सूर्यास्त हा माणूस तीन शब्दांत तिसऱ्या क्रमांकावर नेऊन ठेवतो.

यंदा जानेवारीत दिवाडी बेटावर जायचं ठरलं, तेही त्याच्याच तोंडून निघालेल्या नावावरून. पणजीच्या वर, मांडवीच्या पात्रातलं हे बेट. मुंबईतून शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडायची, सकाळी करमळीला उतरायचं, जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरी घ्यायची की पलीकडे दिवाडी. शनिवार-रविवारात बसणारं इतकं सोपं बेट आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मिलिंद आणि विद्या पहिल्यांदाच आमच्याबरोबर येत होते. म्हणजे शिऱ्याला दोन कोरी तोंडं मिळाली होती.

पहाटे पाचच्या सुमाराला त्यानं डबा जागा केला. “उठा, करबुडे येतोय.” करबुडे म्हणजे रत्नागिरीच्या अलीकडचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. बाहेर मिट्ट काळोख. विद्या बिचारी वरच्या बर्थवरून शाल सावरत खाली आली, खिडकीला नाक लावून बसली. गाडी बोगद्यात शिरली. बाहेर काळोखच, फक्त आवाज वाढला. “दिसला?” शिऱ्यानं विचारलं. काळोखातला काळोख पाहून विद्यानं “छान आहे हो” म्हटलं आणि तिच्याबद्दलचा माझा आदर वाढला. शिऱ्या म्हणाला, “हे काहीच नाही. पूर्वी खिडक्या उघड्या असायच्या.”

करमळीला रिक्षावाल्याशी पूर्वीच्या भाड्यावरून वाद झाला आणि तो आम्ही आत्ताचं भाडं देऊन मिटवला. रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून थेट धक्क्यावर उतरतो. फेरीची लोखंडी फळी खडखडत खाली आली, आणि स्कुटर, पाववाल्याची सायकल, मासळीच्या टोपल्या आणि आम्ही, सगळे एकदमच आत घुसलो. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, हे कळताच आमच्या हिशेबनीसाच्या चेहऱ्यावर आलेलं तेज मांडवीपेक्षा पाहण्यासारखं होतं.

त्या काही मिनिटांत शिऱ्यानं बेटाचा इतिहास सांगून घेतला. मूळ सप्तकोटेश्वर याच बेटावरचा, कदंबांचं दैवत. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेला, आणि तिथलं देऊळ शिवाजीमहाराजांनी १६६८ मध्ये नव्यानं बांधवलं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथं बोंदेराचा उत्सव होतो. गावांच्या हद्दींवरून पूर्वी जे तंटे व्हायचे त्यांची आठवण म्हणून निशाणं घेऊन लुटुपुटीची लढाई होते. सगळं बरोबर सांगत होता. शिऱ्याची माहिती चुकत नाही, हेच तर खरं दुखणं आहे. चुकला असता तर त्याला कधीच गप्प करता आलं असतं.

“पण आता तयारी ठेवा मनाची,” फेरी काठाला लागताना तो म्हणाला. “गोव्याचं काय झालंय ते बघताच आहात. हे बेट आता उरलेलं नसणार.” त्याच्या आवाजात दुःख होतं आणि दुःखाखाली एक उत्साह होता. बेटावर नेमकं काय बुडालं असेल, याची त्यानं मनात यादीच केली असावी.

आम्ही उतरलो. दोन्ही बाजूंना खाजन शेती, बांधावर बगळे, एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलेलं आणि स्कुटर त्याला वळसा घालून जाणाऱ्या. शिऱ्या थांबला. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. “इथं एक दुकान होतं,” तो म्हणाला, “सोडा-लिंबू मिळायचा.” दुकान होतं. सोडा-लिंबू मिळत होता. दुकानदारही तोच निघाला.

पिएदादच्या टेकडीवर चढलो. वर पांढरं चर्च, त्याच्या दफनभूमीत जुन्या कदंबकालीन देवळाचा अवशेष मानलं जाणारं छोटं चॅपल, आणि कठड्यापाशी उभं राहिलं की खाली भातशेती, नदी, नदीपलीकडे झाडांतून डोकं काढणारे जुन्या गोव्यातल्या चर्चचे मनोरे. आमची तोंडं उघडी पडली. शिऱ्यानं सवयीनं ती पाहिली, ओठ हलवले, आणि त्याच्या लक्षात आलं की ‘पूर्वी’ इथंही हेच होतं. हेच शेत, हीच नदी. सिमेंटचा टॉवर नाही, पॅराग्लायडिंग नाही. तो कठड्याला टेकून बसला. “त्या बाजूला काहीतरी झालंय,” त्यानं बोट दाखवलं. आम्ही सगळ्यांनी निरखून पाहिलं. ढग होता.

दुपारी त्याच्या आठवणीतल्या आंटीकडे जेवायला गेलो. वाटेत तो आम्हाला सांत्वनाच्या सुरात सांगत होता की ती आता नसेल, असली तरी मुलांनी घर विकलं असेल, तिथं कॅफे झाला असेल आणि भिंतीवर सायकल टांगलेली असेल. आंटी घरापुढच्या बाल्कांवात बसून कोळंबी सोलत होती. तिनं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, “तुका दाट हुमण लागतालें न्हय?” शिऱ्याला दाट आमटी आवडायची, हे तिच्या इतक्या वर्षांनी लक्षात होतं. दुसरा कुणी असता तर हरखून गेला असता. शिऱ्या हबकला. उकड्या तांदळाचा भात, कोळंबीचं हुमण, रव्यात तळलेला इसवण, सगळं त्यानं खाली मान घालून खाल्लं. “पूर्वीसारखंच आहे,” तो शेवटी म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो, आणि त्याचा स्वर तक्रारीचा होता.

संध्याकाळी आम्ही पणजीला चक्कर मारायला गेलो आणि परत येताना जुन्या गोव्याच्या धक्क्यावर अडकलो. फेरी पलीकडच्या काठाला होती. दिवे दिसत होते, इंजिनाची घरघर येत होती, पण बोट काही सुटेना. डास चावत होते. दिवसभर साचलेलं इथं फुटलं.

“काय लोक आहेत!” शिऱ्या कडाडला. “समोर दिसतंय बेट. दगड मारला तर पोचेल. इतक्या वर्षांत यांना एक पूल बांधता आला नाही?”

आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. घारापुरीच्या विजेचं सुतक पाळणारा हाच का तो माणूस? शेजारी स्कुटरवर एक म्हातारा बसला होता, पायांमध्ये गॅसचं सिलिंडर. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

“पूल नाका, पात्रांव,” तो म्हणाला. “पूल आयल्यार तुमी सगळे येतले.”

बाकी काही नाही, ‘तुमी सगळे’ शिऱ्याला लागलं. आजवर त्यानं स्वतःला त्या ‘सगळ्यां’त कधी धरलंच नव्हतं. गर्दी म्हणजे आपण सोडून बाकीचे, हा त्याच्या धर्माचा पाया. फेरी आली, आम्ही चढलो, तो कठड्याला धरून एकटा उभा राहिला. मिलिंदनं त्याला शेंगदाणे देऊ केले, ते त्यानं घेतले नाहीत. मग थोड्या वेळानं घेतले.

रात्री बाल्कांवात गप्पा रंगल्या, काजू फेणीचा वास सगळीकडे पसरला, पण ‘पूर्वी’ असा शब्द आला नाही. खरं सांगायचं तर आम्हालाच चुकल्यासारखं झालं. चांदणं पडलं होतं, कुणीतरी “काय सुरेख!” म्हणालं, आणि त्यानंतर जी जागा मोकळी राहिली ती भरायला कुणीच नव्हतं. ‘हे काहीच नाही’ असं कुणी म्हणाल्याशिवाय एखादी गोष्ट खूप काही आहे, याची आपल्यालाही खात्री पटत नसावी.

सकाळी मात्र गडी उठला तो ताजा. पाववाला पोदेर भोंगा वाजवत आला, त्याच्याकडून गरम पोई घेतली आणि शिऱ्या ओरडला, “बघ! पूर्वी याच्यापेक्षा मोठी असायची!” आम्ही सगळ्यांनी मनापासून दुजोरा दिला. आजारी माणसानं स्वतःहून जेवायला मागावं तसं घरात एकदम वातावरण हलकं झालं. तिथून त्यानं मागं वळून पाहिलं नाही. नारव्याच्या तळीपर्यंत जाईतो त्याला तीन नवे विजेचे खांब आणि एक रंग बदललेलं फाटक सापडलं.

दुपारी परतायला धक्क्यावर आलो, तर रविवारची गर्दी येत होती. फेरीची फळी पडली आणि भाड्याच्या स्कुटरींचा लोंढा बाहेर आला, त्यांच्या मागून एक तरुण जोडपं, पाठीवर सॅक, हातात फोन. त्यांना मराठी बोलताना ऐकून विद्या थांबली. मुलीनं विचारलं, “कसं आहे हो बेट?”

विद्यानं स्कुटरींकडे एक नजर टाकली. मग हसली. अगदी तसंच हसली.

“जा, जा. जाऊन या,” ती म्हणाली. “पण खरं सांगू का, काल यायला हवं होतं. काल इथं कुणीच नव्हतं.”

शिऱ्यानं चमकून मान वळवली. क्षणभर वाटलं, त्याचे डोळे आता पाणावणार. पण तो तरातरा पुढं गेला आणि त्या जोडप्याला बाजूला घेऊन म्हणाला,

“यांचं ऐकू नका. या कालच पहिल्यांदा आल्यात.”