चार बावीस

पहाटे पाचला नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर टॉर्चचा ठिपका हलताना दिसला, की ते अण्णा असं खुशाल समजावं. डोक्याला कानटोपी, पायात चपला, गळ्यात सुतळीला बांधलेलं स्टॉपवॉच. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात जिथं चार पोरं भरतीची तयारी करतात, तिथं असे एक अण्णा असतातच. त्यांना कुणी नेमलेलं नसतं, पगार नसतो. पण शिट्टीला तहसीलदाराच्या सहीचं वजन.

घरी कुकर चढला की अण्णांचं घड्याळ सुरू. बेलवाडीला तुकोबांच्या पालखीच्या रिंगणात अश्व सुटला की सगळे हात जोडतात. अण्णाही जोडतात, पण अंगठा बटणावर. "औंदा घोडं जरा ढिलं सुटलं," असं पुटपुटतात आणि लगेच स्वतःचे कान धरतात. काटेवाडीच्या मेंढ्यांच्या रिंगणाचा मात्र त्यांनी नाद सोडलाय. पहिली मेंढी कोणती, यावर एकमतच होत नाही.

पोलीस भरतीला सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं, तर वीसपैकी वीस. एखादं पोरगं पाच बारा आलं म्हणून तोंड पाडून बसलं, की अण्णा त्याच्याशेजारी उकिडवे बसतात.

"मिल्खाचं १९६० ला रोममध्ये काय गेलं? हातच्या घड्याळात एक दशांश. उषाचं १९८४ ला? एक शतांश. आन् आपला साबळे!" साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा, पण अण्णांच्या लेखी 'आपला'च. "मांडव्याचं पोरगं. महार रेजिमेंट, सियाचीन. २०२२ ला बर्मिंगहॅमला केनियाचा किबिवोट ८:११.१५, आपला ८:११.२०. पाच शतांश! तेवढ्यात पापणीबी मिटत न्हाई. तुझं तर दोन शेकंद गेलं. लई हायेत. लई असलं की कापता येतंय. ऊठ."

साबळेची ती शर्यत, स्टीपलचेस, समजावून सांगायला त्यांना फळा लागत नाही. "अठ्ठावीस अडथळे, सात पाण्याच्या उड्या. रात्रीचं दारं धरताना पाट वलांडतोस का न्हाई? तसंच. फक्त हातात खोरं नसतंय." बूट फाटल्याची तक्रार करावी, तर लता करे हजर. "हितंच बारामतीत, २०१३ ला, नऊवारीत अनवाणी पळून जिंकली बाई. तुझं काय?" पुढं मग ललिता बाबर: मोहीची, आधी मॅरेथॉन, नंतर स्टीपलचेस, २०१६ ला रिओत अंतिम फेरीत दहावी, आणि आता उपजिल्हाधिकारी. 'उपजिल्हाधिकारी' हा शब्द ते पोरांच्या आयांकडं बघून म्हणतात.

स्वतः अण्णा कधीकाळी सोळाशे पळायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांची वेळ चार चाळीस होती. पुढं चार पस्तीस झाली, गेल्या दिवाळीत चार बावीस. पळणं सोडून तीस वर्षं झाली, तरी वेळ कमीच होतेय. याच वेगानं गेले, तर दहा-बारा वर्षांत हिशाम अल गुरूजचा मैलाचा विक्रम धोक्यात आहे. "घेतली कुणी वेळ?" असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "तवा घड्याळ कुणाकडं हुतं?"

परवा एक पोरगं भरती होऊन पेढे घेऊन आलं. अण्णांनी पेढ्याआधी विचारलं, "किती?"

"पाच आठ."

"दोन शेकंद उगाच खर्चलेस."

पोरानं हसत त्यांच्या गळ्यातलं घड्याळ काढून घेतलं. "आता तुमी, अण्णा. एक राउंड."

नाही-होय करत अण्णांनी धोतराचा सोगा खोचला. पहिलं वळण पळाले, दुसरं भराभर चालले, समोरच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला हात केला. शेवटचे पन्नास मीटर मात्र छाती काढून. गुडघ्यांवर हात टेकत त्यांनी विचारलं, "किती?"

"चार बावीस," पोरगं म्हणालं.

अण्णा आमच्याकडं वळले. "सांगत हुतो का न्हाई?"

आकडा खरा होता का, बघायला मी मान पुढं केली. तोवर पोरानं घड्याळ शून्यावर आणलं होतं.