संकल्पवीर

ध्येय ठरवणे, ते सुवाच्य अक्षरात लिहून काढणे, त्याचा तक्ता आखणे आणि तो रोज भरणे, एवढे केले की मूळ काम झाल्यातच जमा आहे असे ज्याला वाटते, तो संकल्पवीर. पुण्या-मुंबईत तो विपुल आहे आणि जिल्ह्याच्या गावांतही आता कमी नाही. वय तिशी ते पन्नाशी, नोकरी खुर्चीतली, प्रकृती बरी पण ‘लक्ष द्यायला हवं’ अशी. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. पहाटे पाचला उठण्याचे वेळापत्रक आखण्यासाठी तो रात्री दोनपर्यंत जागतो.

त्याचे वर्ष एकदाच सुरू होत नाही. १ जानेवारी हुकली, तर गुढीपाडवा असतो. परंपरेने साडेतीन मुहूर्त दिले आहेत: पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे पूर्ण, बलिप्रतिपदा अर्धा. त्या दिवशी पंचांग न पाहता शुभकार्याला हात घालता येतो. लोक त्या मुहूर्तांवर सोने घेतात, दुकान उघडतात. संकल्पवीर पोट कमी करायला घेतो. शिवाय १ एप्रिल आहे, स्वतःचा वाढदिवस आहे, आणि काहीच नाही तर येता सोमवार आहेच. बुधवारी मोडलेला नेम गुरुवारी पुन्हा धरता येतो, हे त्याला मान्य नाही. गुरुवार ते रविवार हा काळ तो तयारीला देतो आणि तयारीत बटाटेवडे येतात.

तयारीची पहिली पायरी खरेदीची. पुण्याचा संकल्पवीर त्यासाठी अप्पा बळवंत चौक गाठतो आणि जाड डायरी, चार रंगांची पेने, चिकटपट्ट्या घेऊन परततो. डायरीचे पहिले पान वाचनीय असते: ‘वजन ८२ वरून ७०. महिन्याला दोन पुस्तके. रोज पर्वती. जर्मन शिकणे. एसआयपी वाढवणे. रागावर ताबा.’ ४ जानेवारीपर्यंत सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा दिसतात, रागाच्यासुद्धा. मग शेवटचा ‘शेरा’ हा रकाना भरू लागतो: ‘पाहुणे’, ‘ढगाळ’, ‘गुडघा?’, ‘मेहुण्याकडे बारसं’. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत हे त्याला पाठ असते. ही माहिती त्याने पायथ्याशी चहा पिताना मिळवलेली असते. फेब्रुवारीनंतर डायरीत दुधाचा हिशेब सुरू होतो. तो मात्र ३१ डिसेंबरपर्यंत एकही दिवस न चुकता लिहिलेला सापडतो, कारण तो बायको लिहिते.

कागदाची जागा फोनने घेतली, तेव्हा मोजमाप सोपे झाले आणि पळवाटाही. रोज दहा हजार पावले हा त्याचा आवडता आकडा. १९६५ साली जपानमध्ये ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावले मोजणारे, या नावाचे एक यंत्र विक्रीला आले आणि आकडा तेथून जगभर गेला. त्यामागे संशोधनापेक्षा जाहिरात अधिक होती. संकल्पवीर त्याला शास्त्रवचन मानतो. रात्री पावणेबाराला साडेनऊ हजारांवर अडकलेला हा गृहस्थ दिवाणखान्यात सोफ्याभोवती फेऱ्या घालतो. फारच कंटाळा आला, तर संध्याकाळी खेळायला निघालेल्या मुलाच्या खिशात फोन सरकवतो.

शास्त्राधाराची त्याला ओढ असते. एकवीस दिवसांत सवय लागते, हे त्याचे ठाम मत. या मताचे मूळ अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. तेथून नाकाचा नियम व्यायामाला लागला आणि ‘निदान’ हा शब्द वाटेत गळून पडला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय रुळायला १८ ते २५४ दिवस लागतील, साधारण ६६, असे दिसले. मराठी म्हणीने मात्र नव्याला नऊच दिवस दिले आहेत आणि संकल्पवीराच्या बाबतीत तीच मुदत खरी ठरते.

नोकरीतली ध्येये त्याला आयती मिळतात. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाचा विचार मांडला. त्याचे वंशज असलेले केआरए आज प्रत्येक कंपनीत एप्रिलमध्ये भरले जातात आणि मार्चमध्ये आठवतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संकल्पवीर जे काम झाले तेच ठरवले होते, असे सिद्ध करून दाखवतो. ‘ग्राहकांशी संवाद वाढवला’ याचा अर्थ तक्रारी वाढल्या, आणि ‘नेतृत्वगुण विकसित केले’ याचा अर्थ बॉस रजेवर होता. साहेबही सही करतात, कारण त्यांचा फॉर्म याच रीतीने वर गेलेला असतो.

१९८१ साली जॉर्ज डोरन यांनी चांगल्या उद्दिष्टाची पाच लक्षणे सांगितली. ते नेमके असावे, मोजता यावे, कोणी करायचे ते ठरलेले असावे, आवाक्यातले असावे आणि त्याला मुदत असावी. संकल्पवीराच्या भिंतीवर ही पाच लक्षणे चिकटवलेली असतात. त्याच घरातल्या आजीने ती वाचलेली नाहीत. तिने सोळा सोमवार केलेले असतात. उपास नेमका, मोजणी सोळाची, करणारी ती स्वतः, झेपेल एवढाच नेम आणि सतराव्या सोमवारी उद्यापन. तक्ता नव्हता. चुकले तर शेजारणींना कळले असते, हा धाक पुरेसा होता. संकल्पवीराच्या ध्येयांना आरंभ अनेक असतात आणि उद्यापन एकाचेही नसते. खरा फरक येथे आहे. ज्याचा शेवट ठरलेला नाही ते काम अपुरे राहिले असे कोणी म्हणू शकत नाही आणि पुरे झाले असेही नाही.

तरीही तो निरुपद्रवी प्राणी आहे. जिमची वार्षिक फी आगाऊ भरून तो नियमित येणाऱ्यांसाठी ट्रेडमिल मोकळी ठेवतो आणि वह्या-पेनांचा धंदा चालता ठेवतो. त्याला सुधारायचेच असेल, तर एका वेळी एकच नेम द्यावा, त्याची शेवटची तारीख आजीला ठरवू द्यावी आणि मोजणीही तिच्याकडेच सोपवावी. वाढदिवसाला त्याला काहीही द्यावे. डायरी देऊ नये.