बाळ आहे ते!

पावसाळा लागला की इंदिरानगरातल्या आमच्या भाऊंच्या घरचे उशांचे अभ्रे नाहीसे होऊ लागतात. एकात दिवड, दुसऱ्यात तस्कर, तिसरा स्कूटरच्या डिकीत राखीव. वहिनींनी चांगले अभ्रे कपाटात कुलूप लावून ठेवले आहेत आणि किल्ली कुठे आहे ते भाऊंना माहीत नाही. भाऊ सर्पमित्र आहेत. पोटापाण्यासाठी सातपूरच्या कारखान्यात जातात, पण त्यांची ओळख करून देताना ते कुणाला आठवत नाही.

फोन हमखास जेवताना येतो. भाऊंचा पहिला प्रश्न, "केवढा आहे?" पलीकडून "दहा फूट!" असं आलं की भाऊ ताकभात निवांत संपवतात. "वीतभर आहे, पिल्लूच दिसतंय" असं ऐकलं की मात्र ताटावरून उठतात. मोठ्या सापाच्या वाटेला कुणी जात नाही. पिल्लाला लोक कागदाने उचलायला जातात, केरसुणीने ढकलायला जातात. "अहो, नागाचं पिल्लू विष घेऊनच अंड्याबाहेर येतं, घोणशीची पिल्लं तर आईच्या पोटातूनच तयार होऊन येतात," असं ते चपला घालता घालता फोनवर ओरडतात.

तिथे पोचल्यावर मात्र याच जिवाला ते "बाळ" म्हणतात. सगळी सोसायटी जिन्यात, कुणी खुर्चीवर, सेक्रेटरी स्टुलावर, आणि न्हाणीघराच्या दारामागे पाल शोधत आलेला बिनविषारी कवड्या. भाऊ दारात बसून आधी व्याख्यान देतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले. विषारी मण्यारीचं उलट, शिवाय तिचे पट्टे जोडीजोडीने. जमावाच्या माना डोलू लागल्या की भाऊ चिडतात. "ही परीक्षा तुम्ही द्यायची नाही! लांब उभं राहून मला फोन करायचा." आरडाओरड्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही, पण कुणी पाय आपटला की खैर नाही. जमिनीचा हादरा सापाला थेट कळतो, आणि मग बाळ बिथरतं.

विषारी पिल्लाला भाऊ हात लावत नाहीत. लांब काठी, बरणी, झाकण, विषय संपला. बिनविषारी असलं तर बघत राहावं. वरून झडप नाही, मान दाबणं नाही, शेपटीला धरून लोंबकळवणं तर नाहीच. पोटाखालून तळवा सरकवतात आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर त्याला चालू देतात. "पकडायचं नसतं, वाट द्यायची असते." दिवडीचं पिल्लू हे ऐकून घेत नाही, ते दोनतीनदा कडकडून चावतं. अंगठ्यावर रक्ताचे ठिपके येतात, भाऊ साबणाने हात धुतात आणि कौतुकाने म्हणतात, "घाबरलंय हो!" मग अभ्र्यातला अंधार मिळाला की पिल्लू गप्प. वनविभागाला कळवायचं, जवळच्याच नाल्याकाठी सोडायचं. तिथे सेल्फी मागणाऱ्याला जे ऐकावं लागतं ते छापण्यासारखं नाही. खुद्द भाऊंचा तरुणपणीचा, गळ्यात नाग घातलेला एक फोटो वहिनींकडे आहे. तो कुठे आहे हेही भाऊंना माहीत नाही.

मध्यंतरी गंगापूर रोडवरच्या एका भाच्याने बॉल पायथन आणला. भाऊंनी घरात पाऊल टाकताच विचारलं, "परिवेश पोर्टलवर नोंद केलीस?" १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडचा साधी दिवडही पाळता येत नाही, आणि हा आफ्रिकेचा पाहुणा असला तरी त्याचीही कागदपत्रं लागतातच. कागद पाहून झाल्यावरच भाऊ त्या काचेच्या पेटीकडे वळले. पिल्लू डोकं आत घेऊन चेंडू होऊन बसलेलं. भाचा त्याला उलगडायला निघाला.

"थांब! कधी खाल्लं यानं?"

"काल."

"मग दोन दिवस हात नको, ओकून टाकेल. डोळे दुधाळ झाले तरी नको. कात टाकायची असते, नीट दिसत नाही त्याला. आणि उंदीर हाताळलेल्या हाताने तर कधीच नको, बोटालाच खाऊ समजेल."

भाच्याने हिरमुसून विचारलं, "पण मामा, हा मला ओळखतो ना?"

भाऊंनी बराच वेळ विचार केला. खोटं बोलवेना आणि पोराचं मनही मोडवेना. "वासाची सवय होईल हळूहळू. पण थंडीत तू एका बाजूला आणि हीटर दुसऱ्या बाजूला असलास, तर तो हीटरकडे जाणार."

दारातच उभ्या असलेल्या ताईंनी, म्हणजे भाच्याच्या आईने, एवढा वेळ आत पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी तिथूनच विचारलं, "जगतो किती रे हा?"

"नीट सांभाळला तर वीस वर्षं. तीससुद्धा."

"तीस? अरे, हा पुढच्या वर्षी पुण्याला जाणार शिकायला!"

भाऊंनी भाच्याकडे पाहिलं, पायथनकडे पाहिलं, आणि बाह्या वर सारल्या.

"ताई, ये इकडे. आधी हात धू. घाबरू नकोस, बाळ आहे ते."