पुरवणीकाका

तालुक्याच्या कोर्टात असा एक तरी गृहस्थ असतोच. काखेत सातबाऱ्याची पिशवी, खिशाला दोन पेनं आणि डोक्यात कालच्या शपथपत्रात राहून गेलेली एक ओळ. बाररूममध्ये त्यांचं नाव पुरवणीकाका. दावा म्हणाल तर बांधावरच्या एका आंब्याचा. पण त्यापायी काकांनी घातलेल्या कागदात त्या आंब्याची सबंध अढी झाकून निघाली असती.

नोटरीचा शिक्का वाळायच्या आत काकांना आठवायला लागतं. ‘वरील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे’ याखाली झोकात सही करून ते पायऱ्या उतरतात आणि तिसऱ्या पायरीवर थबकतात. विहीर ‘जुनी’ लिहिली, ‘पडकी’ राहिलंच!

“वकीलसाहेब, एवढा शब्द पेनानं घालू की. बाजूला बारीक सही ठोकतो.”

वकीलसाहेब कपाळाला हात लावतात. शपथ झाली की कागदाला पेन लावायचं नसतं. दाव्याचा मजकूर बदलायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ६ नियम १७ आहे. तिथंही २००२च्या सुधारणेपासून, सुनावणी सुरू झाल्यावर आलात तर ‘पुरेशी दक्षता घेऊनही आधी का नाही सुचलं?’ याचं उत्तर द्यावं लागतं. सरतपासणीचं शपथपत्र तर पुरावाच. त्यात चूक झाली तर कोर्टाची परवानगी काढून पुरवणी द्यायची, कारण सांगायचं. आणि जुनं शपथपत्र रेकॉर्डवर तसंच राहतं, उलटतपासणीची वाट बघत.

काकांना यातलं ‘पुरवणी द्यायची’ एवढंच ऐकू येतं. झाडाखालच्या टायपिस्टनं तर त्यांची फाइलच ‘नजरचुकीने’ या नावानं सेव्ह करून ठेवली आहे.

अखेर उलटतपासणी आली. समोरच्या वकिलांनी दोन्ही शपथपत्रं फडकावली.

“पहिल्यात झाड बांधाच्या पूर्वेला, दुसऱ्यात पश्चिमेला. झाड चालत गेलं का?”

“झाड जागेवरच आहे साहेब. बांध सरकलाय. तोच तर दावा आहे!”

कोर्टात खसखस पिकली. इथं थांबावं की नाही? पण काका पुढं म्हणाले, “कधी सरकला, ती तारीख मात्र पुरवणीत देतो.” त्यांच्याच वकिलांनी डोळे मिटून घेतले.

बाहेर आल्यावर कुणीतरी भीती घातली, “काका, खोट्या पुराव्याला भारतीय न्याय संहितेत कलम २२९ आहे. सात वर्षांपर्यंत आत!”

“खोटं बोलणारा एकदाच काय ते पाठ करतो आणि गप्प बसतो,” काका म्हणाले. “मी कधी गप्प बसलोय?” यावर कुणालाच उलटतपासणी सुचली नाही.

पुढं निकाल लागला. काका जिंकले. वकिलांनी पेढे मागवले, तर काका खिडकीशी उभे राहून निकालपत्रावर बोट फिरवत होते. “साहेब, गट नंबरातले दोन आकडे उलटसुलट पडलेत.”

“पडू द्या. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १५२ आहे. लेखनातली असली चूक कोर्ट केव्हाही दुरुस्त करू शकतं.”

काकांचा चेहरा उजळला. “म्हणजे कोर्टाचंसुद्धा राहतं म्हणायचं! मग माझं एक शपथपत्र...”

“काही गरज नाही. कोर्ट ते आपणहूनही करतं.”

दावा हरल्यासारखा चेहरा करून काकांनी पेढा घेतला.