चुकीच्या पर्यायाची थोरवी

बरोबर उत्तराचे गोडवे सगळेच गातात. मला चुकीच्या उत्तराची आरती ओवाळायची आहे.

त्यासाठी पवनारसारखं गाव नाही. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. परीक्षेच्या हिशेबात हा पर्याय साफ चुकीचा. पुढे १९३८ मध्ये ते धाम नदीकाठी, इथं पवनारला आले. आज याच भागातली मुलं वर्ध्याला क्लासला जातात आणि सीईटीच्या केमिस्ट्रीचे ५० प्रश्न सोडवण्याचा सराव करतात. पन्नास प्रश्नांचे दोनशे पर्याय, त्यांतले दीडशे चुकीचे. एवढ्या मोठ्या बहुसंख्येकडे कुणी लक्ष देत नाही, हे मला खटकतं.

एक प्रश्न घ्या. १०⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पीएच किती? पर्याय: ६, ६.९८, ७, ८. सूत्र पाठ असलेला मुलगा आकडा भरतो, ८ वर टिचकी मारतो आणि पुढे सरकतो. पाण्यात ॲसिड घातलं आणि ते अल्कली झालं, याचं त्याला काहीच वाटत नाही. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन हिशेबात घेतले की उत्तर ६.९८ येतं. इथला ८ म्हणजे रत्न आहे. मुलाच्या डोक्यातला गोंधळ त्यात जसाच्या तसा उतरलाय. असा पर्याय बसून सुचत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं वह्या तपासाव्या लागतात, आणि पोरांच्या चुका जपून ठेवाव्या लागतात. ८ च्या जागी २५ लिहिला तर तिकडे कुणी फिरकणार नाही. चाराचे तीन पर्याय उरतील, आणि सीईटीत उणे गुण नसल्यामुळे अंदाजपंचे ठोकणाऱ्याची चांदी होईल.

चुकीच्या पर्यायाची पारख करायची रीतही आहे. गुणांनुसार वरची २७ टक्के मुलं एकीकडे घ्यायची, खालची २७ टक्के दुसरीकडे. चांगल्या चुकीला खालच्या गटाची पसंती जास्त मिळते. पाच टक्के मुलंही ज्याकडे वळत नाहीत, तो पर्याय फुकट जागा अडवतो. आणि वरच्या गटातली मुलंच चुकीकडे धावली, तर आधी उत्तरसूची तपासावी.

चूक मात्र मुलांची हवी, पेपर काढणाऱ्यांची नव्हे. २०२४ च्या नीट परीक्षेत अणूवरच्या एका प्रश्नाला जुन्या-नव्या पाठ्यपुस्तकांमुळे दोन उत्तरं धरली गेली. सर्वोच्च न्यायालयाला आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडून एक उत्तर ठरवून घ्यावं लागलं आणि चार लाखांवर मुलांचे पाच-पाच गुण हलले. २७ एप्रिल २०२५ च्या सीईटीत गणिताचे २१ प्रश्न चुकले. त्या मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. असल्या चुकांची आरती मी करणार नाही. त्या कुणाच्या डोक्यातलं काहीच दाखवत नाहीत, नुसता मुलांचा जीव टांगणीला लावतात.

सीईटी सेल उत्तरसूची जाहीर करतो. तिच्याशेजारी प्रत्येक पर्याय किती टक्के मुलांनी निवडला, हा तक्ताही छापावा. म्हणजे पुढच्या वर्षी बारावीला पीएच शिकवताना सरांना आधीच ठाऊक असेल, की वर्गातल्या किती जणांचं ॲसिड पाण्यात पडून अल्कली होणार आहे.