परतावा काय?

तुमच्या सोसायटीतही एक अण्णा असणारच. नसतील तर आमचे घेऊन जा, टेम्पोचं भाडं मी देतो.

अण्णा बँकेत कर्ज खात्यात होते. 2001 साली सरकारी बँकांत व्हीआरएसची लाट आली, तिच्यात बाहेर पडले आणि पैशांऐवजी मिनिटांचा हिशेब ठेवू लागले. खिशात लाल पुठ्ठ्याची वही. रोज सकाळी जमा बाजूला 1440 मिनिटं. झोप म्हणजे सीआरआर, ठेवावीच लागते आणि व्याज शून्य! जिन्यात आपण नुसतं ‘‘काय अण्णा, बरंय ना?’’ म्हणावं, तर वही बाहेर. ‘‘दोन मिनिटं देतो. परतावा काय?’’

वेळ म्हणजे पैसा, हे बेंजामिन फ्रँकलिनने 1748 साली लिहिलं. अण्णा ते असं सांगतात, जणू फ्रँकलिनचं कार्ड यांच्याच पत्त्यावर आलं होतं.

परवा एका लग्नात, डोक्यावर अक्षता पडत असताना, त्यांनी माझं कोपर धरलं. ‘‘या मावशींनी हौसेने जादा कडवी म्हटली. चार मिनिटं. हॉलमध्ये तीनशे माणसं. वीस तास बुडाले की नाही?’’ हा हिशेब मला समजावून देण्यात पंगतीची पहिली पाळी गेली. त्याची नोंद वहीत झाली नाही.

बँकेत नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए. अण्णांचा हाच नियम नात्यागोत्याला लागू. भाच्याचा तीन महिने फोन नाही? एनपीए. पुस्तक नेऊन परत न करणारे तळमजल्यावरचे मास्तर? एनपीए. काकूंनी एकदा विचारलं, ‘‘अहो, आणि मी कुठल्या खात्यात?’’

‘‘तू मुदत ठेव.’’

‘‘मग अठ्ठेचाळीस वर्षांचं व्याज काढा,’’ म्हणून काकूंनी हात पुढे केला. अण्णा गुपचूप भाजी आणायला गेले.

माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. भेटायला येणारे महिन्याभरात पांगले. अण्णा मात्र रोज चारला येत. खुर्ची पलंगाशी ओढून पेपरातले ठेवींचे दर मोठ्याने वाचत, मधेच टॉवेलच्या टोकाने वडिलांची हनुवटी टिपत. असे सात महिने. शेवटी मीच खवचटपणे म्हटलं, ‘‘अण्णा, नव्वद दिवस कधीच उलटले. यात परतावा काय?’’

‘‘कर्ज राइट-ऑफ केलं तरी वसुली सोडायची नसते. एवढंही ठाऊक नाही?’’ ते खेकसले आणि पुढचा दर वाचू लागले. कुठल्याशा पतपेढीचा अचाट दर ऐकून वडिलांच्या ओठांची डावी कड जराशी वर गेली. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘‘हे बघ. आली थोडी वसुली.’’

वडील मार्गशीर्षात गेले. अण्णा अजून चारलाच येतात. त्याच खुर्चीत बसतात, माझ्याकडे पाहून दर वाचतात. आजही आले, दोन कप चहा घेतला आणि मंगलाष्टकांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सांगितला. हा लेख संपादकांना पाचपर्यंत हवा होता. आत्ता पावणेसात झालेत, आणि ते अजून बसलेत.